किल्ली कुणाकडे?

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. कारण असं की गेले दोन महिने माझं सगळं लेखन 'अर्ज' या एकाच वाङ्मयप्रकारात चाललं आहे. :-)

त्याचं झालं असं. आमच्या भागात पालिकेच्या मालकीच्या दोन जागा शेजारीशेजारी आहेत. एक पट आटल्यामुळे बंद पडलेली बैठी शाळा, चार वर्ग आणि एक व्हरांडा. दुसरी म्हणजे पूर्वी जिथे बालवाडी भरायची ती खोली, मागे थोडी मोकळी जमीन. दोन्हींना कुलूप. (शहर कुठलं, प्रभाग कुठला हे मुद्दाम सांगत नाही. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ती आपल्याच कोपऱ्यावरची वाटेल.) तर आजूबाजूच्या लोकांच्या मनात आलं की या दोन्ही जागा मिळून सगळ्यांसाठी एक केंद्र करावं. अभ्यासिका, वाचनालय, म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा, बचत गटांना खोली, संध्याकाळी तबल्याचा नाहीतर चित्रकलेचा वर्ग. अर्जाला 'पार्श्वभूमी' म्हणून दोन पानं जोडायची होती. "तुम्ही लिहिता ना कॉम्प्युटरवर", असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. त्या दोन पानांसाठी वाचायला बसले आणि जे हाती लागलं ते अर्जात मावण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे.

मला वाटत होतं, अशा जागांचा इतिहास म्हणजे इमारतींचा इतिहास. कुणी बांधली, कुणी उद्घाटन केलं, कोनशिला कुठे आहे. पण आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. १८६३ साली ठाण्यात नगरपालिका आली आणि १८६४ साली कल्याणचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. म्हणजे गाडी आल्यावर दहा वर्षांत कल्याणकरांनी वाचायला एकत्र बसायची सोय केली. ही लाट तेव्हा सगळ्याच इलाख्यात होती. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८ अशी 'नेटिव्ह जनरल लायब्ररीं'ची रांग लागते. ठाण्याने तिच्यात स्वतःची भर घातली ती १ जून १८९३ रोजी. विनायक लक्ष्मण भावे, म्हणजे पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेले तरुण. मिठागरांचा व्यवसाय असलेला हा माणूस फक्त मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढतो. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी आलं. ठाणेकर हे दर दहा मिनिटांनी सांगतात, आणि मी माहेरची कल्याणची असले तरी ते त्यांना सांगू द्यावं असं माझं मत आहे.

या संस्थांकडे सुरुवातीला काय होतं? वर्गणी, सभासदांची यादी, एक चिटणीस, हिशेबाची वही आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. अशा संस्था बहुधा कुणाच्या ओसरीवर नाहीतर भाड्याच्या खोलीत जन्मतात, इमारत मागाहून येते. दार किती वाजता उघडायचं आणि ते कोण उघडणार, हे मात्र पहिल्या बैठकीत ठरवावं लागतं, कारण त्याशिवाय दुसऱ्या दिवशी वाचनालय नसतंच. हा चिवटपणा किती टिकतो बघा. २०१० च्या डिसेंबरमध्ये ठाण्यात ८४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ते भरवणारी संस्था हीच, ११७ वर्षांची. मधल्या काळात नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती.

पण इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हे सगळं आमच्या घरच्या जुन्या फोटोंसारखं होईल, ज्यात फक्त पगडीवाले पुरुष असतात. तेव्हाच्या 'सार्वजनिक' या शब्दात सगळे नव्हते. ज्याला वाचता येतं, ज्याला वर्गणी परवडते आणि ज्याच्या शेजारी बसायला इतरांची हरकत नाही, तेवढेच. बायका जवळजवळ नाहीत. अस्पृश्य मानलेल्या जातींचा तर प्रश्नच नाही. सार्वजनिक पैशाने चालणारी जागा खरोखर सगळ्यांची आहे का, हा प्रश्न आपल्या कोकणात विचारला गेला तो वाचनालयावरून नव्हे, पाण्यावरून.

सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव तुम्हाला शाळेत शिकवला असेल (आमच्या वेळी एका ओळीत उरकला होता). १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांनी मांडलेला हा ठराव म्हणतो, की सार्वजनिक निधीतून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात तिथे जाऊन पाणी पिण्याचं धैर्य करायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि बाबासाहेबांसोबत तळ्यावर गेलेल्या लोकांनी त्याची किंमत डोकी फुटेपर्यंत मोजली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दावा चालला. तळं खासगी की नगरपालिकेचं, बंदीची रूढी खरंच अनादि काळापासूनची आहे का, यावर वर्षं गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

आमच्या चार वर्गांच्या शाळेची आणि महाडची तुलना करायची माझी मुळीच इच्छा नाही. पण 'पालिकेची मालमत्ता' हे दोन शब्द वाचले की मला आता हे आठवतं. मालकी नगरपालिकेची, ठराव मंजूर, आणि तरीही माणूस काठावरच उभा. अर्जात आम्ही 'सर्वांसाठी खुले' असं लिहिलं होतं. मी ते खोडून 'सर्वांसाठी म्हणजे कुणासाठी' याची यादी करायला लावली. घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावरचे रिक्षावाले, मागच्या वस्तीतली दहावीची मुलं, हे सगळं स्पष्ट लिहिलं. काहींना ते जास्त वाटलं. असो.

आता कायद्याकडे. कंटाळा येईल, पण थोडंच आहे. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली, कल्याणची पुढच्या वर्षी त्याच तारखेला. दोन्ही चालतात १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमावर. त्यात कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत: दिवे, गटारं, कचरा, प्राथमिक शाळा. कलम ६६ मध्ये केली तर चालतील अशी: वाचनालयं, संग्रहालयं, नाट्यगृहं वगैरे. आमच्या शाळेची गंमत अशी की ती पहिल्या यादीतून बाहेर पडली आणि दुसऱ्या यादीत अजून शिरली नाही. शिवाय विकास आराखड्यात ती जागा प्राथमिक शाळेसाठी आरक्षित आहे. आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं. म्हणजे राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, मग सरकारची मंजुरी. जागा भाड्याने मागायची तर अधिनियमाचं कलम ७९ आडवं येतं. मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको, असं ते सांगतं. हा नियम वाईट नाही बरं का. तो नसता तर भूखंड कुणाकुणाच्या घशात गेले असते, सांगायला नको. पण महिना पन्नास रुपये वर्गणी जमवणाऱ्या मंडळाला आणि मॉल बांधणाऱ्याला तो एकाच तराजूत बसवतो.

बरं, महापालिकेला स्वतःला अशी जागा चालवता येत नाही का? येते की. ठाण्याचं राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ सालचं, म्हणजे नगरपालिकेच्या काळातलं, मासुंदा तलावाच्या काठी. १९६७ साली ठाण्यात शिवसेनेची सत्ता आली, शहराला नाट्यगृह हवं ही मागणी तेव्हापासूनची, आणि ते उभं राहिलं. ते का चाललं याचं कारण मला वास्तूत दिसत नाही. तिथे व्यवस्थापक आहे, तारखांचं वाटप आहे, सकाळ-दुपार-रात्र अशी सत्रं आहेत, आणि एका नाटकाचा सेट निघाल्याशिवाय दुसऱ्याचा लागत नाही. व्यावसायिक नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाचा तरी सत्कार, सगळे एकच रंगमंच वापरतात आणि कुणीही आपला पडदा मागे ठेवून जात नाही. 'सामायिक' या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला माहीत नाही. फक्त ते शहरासाठी आहे. आळीसाठी असं काही नाही.

आळीने मग आपली सोय आपणच केली. डोंबिवलीचं गणेश मंदिर संस्थान १९२४ चं, म्हणजे त्याची शंभरी होऊन गेली. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा तिथूनच १९९९ साली सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. आणि दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड! ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावून सांगणं कठीण आहे. नवे कपडे घालून हजारो मुलंमुली नुसती एकमेकांना भेटायला रस्त्यावर येतात. ठाण्यात हेच तलावपाळी आणि राम मारुती रोडवर. आमच्या पिढीतल्या लोकांना ही थेरं वाटतात, मला नाही वाटत. दोन खोल्यांच्या घरातून आलेल्या मुलांना मित्रांना भेटायला खोलीच नव्हती, म्हणून त्यांनी रस्त्याची खोली केली. मोठ्यांचंही तेच. माझं स्वतःचं सार्वजनिक आयुष्य बावीस वर्षं लोकलच्या लेडीज डब्यात गेलं. तिथे हळदीकुंकू झालं, डोहाळजेवण झालं, भिशी चालली, मटार सोलले गेले, एकीच्या मुलीचं लग्नसुद्धा जमलं. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवली १२ लाख ४७ हजार. यातली किती माणसं शेजाऱ्यापेक्षा डब्यातल्या माणसाला जास्त ओळखतात, याची मात्र गणना झालेली नाही.

आणि मग समाजमंदिरं. याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आमच्या अर्जाचं खरं दुखणं इथेच आहे.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक समाजमंदिर असतं. कुठे समाजकल्याणच्या योजनेतून, कुठे आमदार निधीतून, १९९३ नंतर खासदार निधीतूनही. पाटीवर निधी कुणाचा ते ठळक अक्षरात. या निधीचा नियम असा की त्यातून टिकाऊ मालमत्ता उभारायची, ती सार्वजनिक असायची, आणि रोजचा खर्च मात्र त्यातून करायचा नाही. वीजबिल, झाडूवाला, रखवालदार, फुटलेली ट्यूबलाइट यांचं काय, तर ते ज्याच्या ताब्यात इमारत त्याने बघावं. आणि इमारत ताब्यात असते ज्याच्याकडे किल्ली त्याच्या. म्हणजे बल्ब बदलणारा माणूस हळूहळू मालक होतो. यात दरवेळी कुणी लबाडच असतो असं नाही. कितीतरी ठिकाणी याच एका खोलीत वस्तीतली मुलं अभ्यास करून पुढे गेली आहेत, कारण घरात दिवा होता पण कोपरा नव्हता. तिथे किल्ली सांभाळणारा माणूस भला होता इतकंच. तो गेला, थकला किंवा त्याने पक्ष बदलला, की खोलीचं नशीब बदलतं.

ताबा कसा जातो याचा क्रमही मी पाहिलेला आहे. आधी येतं कपाट. "आमचं सामान रोज कुठे नेणार, एक कपाट ठेवतो." मग कपाटावर तसबीर. मग गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि ढोल, "फक्त पुढच्या वर्षापर्यंत". मग सामानाच्या सुरक्षिततेसाठी वेगळं कुलूप. चौथ्या पायरीला कुणीही आवाज चढवत नाही, कारण पहिल्या पायरीला सगळ्यांनीच मान डोलावलेली असते.

कायद्याने यावर उपाय केलाच नाही असं नाही. प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. केंद्राच्या नेहरू अभियानाची अट म्हणून २००९ साली क्षेत्रसभांचीही तरतूद झाली, म्हणजे मतदारांनी शहरातही ग्रामसभेसारखं बसावं. ती बहुतेक कागदावरच राहिली. पुढे तर नगरसेवकच नव्हते. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात ज्या खोल्यांच्या किल्ल्या जिथे होत्या तिथेच राहिल्या.

केरळात काय झालं ते वाचलं आणि जरा हेवा वाटला. तिथे पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली गावोगावच्या वाचनालयांना एका संघात बांधलं, आणि १९८९ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकरच बसवला. म्हणजे दिवाबत्तीचा आणि ग्रंथपालाचा पैसा दरवर्षी ठरलेला. आपला ग्रंथालय कायदा त्याआधीचा, १९६७ चा. त्यात अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे, पण उपकर नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या गटाला एक प्रस्ताव दिला. जागा भाड्याने मागूच नये. भाडेपट्टा मागितला की कलम ७९ आलं, बाजारभाव आला, आणि ज्याच्या नावावर करार तो मालक झाला. त्याऐवजी महापालिकेनेच ही जागा कलम ६६ खाली स्वतः चालवावी, ताबा तिचाच, वीजबिल तिचंच. आम्ही मागायचं ते वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीतलं स्थान, बस. आरक्षणाचं बघितलं तर अभ्यासिका आणि वाचनालय शाळेच्या वापराच्या इतकं जवळचं आहे, की आधी तेवढंच सुरू करावं आणि कलम ३७ ची वाट मागाहून धरावी. हे मान्य झालं, पण लगेच नाही. "मग आपल्या हातात काय राहिलं?" हा प्रश्न दोन बैठका चालला. वकील असलेल्या एका शेजाऱ्यांना अजूनही ते पटलेलं नाही. भाडेपट्टा असला की निदान कुणी सहा महिन्यांत बाहेर काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

वेळापत्रकावर तर खरी लढाई झाली. सरकारी वेळ पावणेदहा ते सव्वासहा. आमच्या भागातला नोकरदार सातच्या गाडीला गेलेला असतो आणि रात्री साडेआठला जिना चढतो. त्या वेळेत उघडं असणारं केंद्र फक्त निवृत्त लोकांचं होईल (मी आता त्यातलीच, म्हणून बोलायचा हक्क आहे). स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पहाटे सहा ते रात्री अकरा हवं. बचत गटाच्या बायकांना दुपारी दोन ते चार, कारण पाणी चारला येतं. ज्येष्ठांना सकाळी ऊन कोवळं असेपर्यंत व्हरांडा. भजनी मंडळाला गुरुवार संध्याकाळ, आणि त्याच भिंतीपलीकडे अभ्यासिका! शेवटी भजन बालवाडीच्या खोलीत आणि अभ्यासिका शाळेच्या टोकाच्या वर्गात, मध्ये दोन रिकामे वर्ग, अशी तडजोड झाली. दोन जागा एकत्र घेण्याचा खरा उपयोग तेव्हा कळला.

आमच्या मसुद्यात सध्या ही कलमं आहेत. कुणाचंही कायमचं कपाट नाही. सगळ्यांच्या सामानासाठी एकच खोली, आणि तिची यादी दारावर. तसबिरी वाचनालयातच, त्याही सर्वांच्या संमतीने. किल्ल्या दोन, वेगवेगळ्या गटांतल्या दोन माणसांकडे, दर तीन महिन्यांनी बदलायच्या, आणि त्यातली एक बाई असली पाहिजे. उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ वहीत, सहीसकट. रविवार दुपार अजून कुणाला दिलेली नाही. वस्तीतल्या मुलांना ती क्रिकेटचं सामान घेऊन व्हरांड्यात बसायला हवी आहे आणि तीन सोसायट्यांना वाढदिवसांसाठी. या रविवारी त्यावर बैठक आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या गावात शंभर वर्षांचं वाचनालय आहे (नाशिकच्या काकू, तुम्ही नक्की!), त्यांनी जुनी छापील नियमावली मिळाली तर बघावी. वर्गणीचं कलम सगळीकडे सापडतं. मला हवं आहे ते दार उघडण्याचं कलम, म्हणजे शिपायाने, चिटणीसाने की सभासदांनी पाळीपाळीने. मिळालं तर रविवारच्या आत कळवा.